लेंड की बॉरो? आधी वस्तू कोणाच्या हातून निघाली ते बघा

मोठ्यांच्या इंग्रजी वर्गात पहिल्याच आठवड्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘सर, कॅन यू बॉरो मी युवर पेन?’ मी पेन देतो. अर्थ पोचलेला असतो, त्यामुळे त्या क्षणी अडवण्यात मतलब नसतो. पण तास संपताना तेच वाक्य फळ्यावर लिहितो आणि विचारतो, की या वाक्यात पेन कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेलं? वर्ग शांत होतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, ‘सर, उसनं मागितलं ना हो, एवढं काय त्यात!’

चूक तिथेच आहे. ‘उसनं’ एवढं लक्षात राहतं आणि त्याच्या पुढचा शब्द गळून पडतो. शब्दकोशात ‘लेंड’समोर ‘उसने देणे’ आणि ‘बॉरो’समोर ‘उसने घेणे’ असं लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला दोन्हीकडे ‘उसने’ मोठं दिसतं आणि ‘देणे-घेणे’ शेपटासारखं वाटतं. खरं तर सगळा फरक त्या शेपटात आहे. आपण मराठीत नाम एकच ठेवतो आणि दिशा दाखवायला क्रियापद बदलतो. इंग्रजीने दिशा क्रियापदाच्या पोटातच घालून ठेवलीय, ती बाहेरून दिसत नाही.

आणि ही फजिती फक्त आपलीच होते असं नाही. जर्मनमध्ये ‘लाइहेन’ हे एकच क्रियापद दोन्ही अर्थांनी चालतं. स्वीडिशमध्ये ‘लोना’ही तसंच. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन भागात जर्मन आणि स्कँडिनेव्हियन मुळाची वस्ती मोठी. तिथल्या बोलीत जन्माने इंग्रजी बोलणारी माणसंसुद्धा ‘कॅन यू बॉरो मी अ पेन’ म्हणतात. तिथे ती बोली म्हणून खपते. परीक्षेत आणि ऑफिसच्या मेलमध्ये खपत नाही, म्हणून हा लेख.

पहिली पायरी: ‘विरुद्धार्थी’ म्हणजे इथे काय ते समजून घ्या

थंड आणि गरम हे विरुद्धार्थी आहेत. चहा एका वेळी थंड तरी असेल किंवा गरम तरी. लेंड आणि बॉरो यांचं तसं नाही. खरेदी-विक्रीसारखं आहे. तुम्ही गाडी विकत घेतलीत त्याच क्षणी कोणीतरी ती विकलेली असते. घटना एकच, उभं राहायच्या जागा दोन. कोणीतरी बॉरो केल्याशिवाय लेंड होत नाही, आणि कोणीतरी लेंड केल्याशिवाय बॉरो होत नाही. (न विचारता उचललं तर त्याला वेगळा शब्द आहे. तरी घरातली धाकटी भावंडं त्यालाही ‘बॉरो केलं’ म्हणतात.)

म्हणून ‘या प्रसंगाला लेंड म्हणायचं की बॉरो?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रसंगाला दोन्ही म्हणता येतं. विचारायचं ते हे, की मी वाक्य कोणापासून सुरू करतोय?

दुसरी पायरी: कर्ता पकडा

इंग्रजी वाक्यात क्रियापदाच्या आधी जो बसलाय, वस्तू त्याच्या हातून निघाली का? मग लेंड. वस्तू त्याच्या हातात आली का? मग बॉरो. एवढाच नियम. बाकी सगळं या नियमाची शिवण आहे.

समजा अमितने नेहाला छत्री दिली, उद्या परत घेणार आहे. अमितपासून सुरुवात केली तर ‘अमित लेंट नेहा अॅन अम्ब्रेला’. नेहापासून केली तर ‘नेहा बॉरोड अॅन अम्ब्रेला फ्रॉम अमित’. छत्री तीच, पाऊसही तोच.

रोज एक वाक्य उलटं करून बघा. आठवडाभर केलं की हात बसतो. बसमध्ये, ऑफिसात, घरी जे काही उसनं दिलं-घेतलं जातं ते मनात आधी एका बाजूने म्हणा, मग दुसऱ्या बाजूने. चार्जर, शिडी, इडलीचं पात्र, पाचशे रुपये, काहीही. उलटवताना दोन गोष्टी बदलतात: क्रियापद, आणि माणसाच्या आधी लागणारा शब्द. त्यातला दुसरा बदल लोक विसरतात, म्हणून त्यासाठी वेगळी पायरी.

तिसरी पायरी: ‘ला’ आणि ‘कडून’ सांभाळा

इथे मराठी आपल्या मदतीला येते. ‘मी नेहाला छत्री दिली’ यात ‘ला’ आहे. ‘मी अमितकडून छत्री घेतली’ यात ‘कडून’ आहे. इंग्रजीत ‘ला’च्या जागी ‘टू’ आणि ‘कडून’च्या जागी ‘फ्रॉम’. लेंडबरोबर टू, बॉरोबरोबर फ्रॉम. ‘लेंड फ्रॉम’ आणि ‘बॉरो टू’ या जोड्या कानाला खटकायला लागल्या की तुमचं निम्मं काम झालं.

आता लेंडची एक लकब. देण्याच्या क्रियापदांना इंग्रजीत दोन कर्मं शेजारी-शेजारी ठेवता येतात, आणि तेव्हा ‘टू’ गळतो. ‘आय लेंट माय बाइक टू रवी’ हेही बरोबर आणि ‘आय लेंट रवी माय बाइक’ हेही बरोबर. क्रम लक्षात ठेवा: ‘टू’ नसेल तर माणूस आधी, वस्तू नंतर. ‘आय लेंट टू रवी माय बाइक’ असं अर्धवट करू नका. आणि वस्तूच्या जागी नुसतं ‘इट’ असेल तर ‘टू’ वापरलेला बरा: ‘आय लेंट इट टू हिम’.

बॉरोला ही सवलत नाही. बॉरोच्या लगेच पुढे वस्तूच येते, माणूस येत नाही. ‘बॉरो मी अ पेन’ चुकतं ते याचमुळे. ‘गिव्ह मी’, ‘लेंड मी’, ‘शो मी’, ‘टेल मी’ या सगळ्यांची सवय जिभेला असते, त्यांच्या रांगेत बॉरोही घुसतो. त्याला रांगेतून बाहेर काढा. ‘बॉरो अ पेन’, आणि गरज असेल तरच पुढे ‘फ्रॉम यू’. बहुतेक वेळा ‘फ्रॉम यू’ म्हणायचीही गरज पडत नाही. ‘कॅन आय बॉरो युवर पेन?’ यात ‘युवर’नेच काम भागतं.

बोलीभाषेत, विशेषतः ब्रिटिश लोकांच्या तोंडी, ‘आय बॉरोड इट ऑफ माय ब्रदर’ असंही ऐकू येतं. ऐकून घाबरू नका, पण स्वतः लिहू नका.

कर्मणी प्रयोगातही हाच फरक डोकावतो. ‘आय वॉज लेंट अ बाइक’ चालतं, म्हणजे मला बाइक उसनी मिळाली. ‘आय वॉज बॉरोड अ बाइक’ चालत नाही, कारण बॉरोमध्ये माणूस कधी कर्म नव्हताच, मग तो कर्ता म्हणून वर कुठून येणार? ‘द बाइक वॉज बॉरोड बाय माय कझिन’ मात्र ठीक आहे, कारण तिथे वर आलीय ती बाइक.

चौथी पायरी: रूपं एकदाच पाठ करा

बॉरोची रूपं सरळ आहेत: बॉरो, बॉरोड, बॉरोड. लेंड अनियमित आहे: लेंड, लेंट, लेंट. ‘लेंडेड’ असा शब्द नाही. ‘सेंड-सेंट’, ‘स्पेंड-स्पेंट’, ‘बेंड-बेंट’ यांच्याच घरातला हा.

गंमत म्हणजे ‘लेंड’मधला ‘ड’ मुळात नव्हताच. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाला शेवटी ‘ड’ नव्हता; भूतकाळाच्या रूपात तो होता, तिथून तो वर्तमानकाळात शिरला आणि पक्का झाला. लेंडचा भाऊ ‘लोन’ हा जुन्या नॉर्स भाषेतून, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतून आलेला. आणि ‘बॉरो’च्या मुळाशी जो शब्द आहे त्याचा अर्थ तारण, जामीन असा होता. बॉरो म्हणजे मुळात तारण ठेवून घेणं. आजही सोनं ठेवून पैसे उचलले तर इंग्रजीत ‘बॉरो अगेन्स्ट गोल्ड’ म्हणतात, तेव्हा तो जुना अर्थ पुन्हा वर येतो.

वसई किंवा गोव्याकडच्या ख्रिस्ती वाचकांना ‘लेंट’ म्हटलं की ईस्टरआधीचा उपवासकाळ आठवेल. स्पेलिंग तेच असलं तरी तो शब्द निराळा, त्याचा उसनवारीशी संबंध नाही.

पाचवी पायरी: मागायचं कसं

प्रत्यक्षात या दोन शब्दांची सर्वांत जास्त गरज मागताना पडते. इथे कर्ता दोनपैकी एकच असतो, ‘आय’ किंवा ‘यू’. ‘आय’ असेल तर बॉरो. ‘यू’ असेल तर लेंड.

‘कॅन आय बॉरो’, ‘कुड आय बॉरो’, ‘मे आय बॉरो’. मित्राला पहिलं, सहकाऱ्याला दुसरं, आणि शिक्षकांना किंवा साहेबांना तिसरं शोभतं. दुसऱ्या बाजूने ‘कॅन यू लेंड मी’, ‘कुड यू लेंड मी’, आणि फारच अदबीने मागायचं तर ‘वुड यू माइंड लेंडिंग मी’. ‘माइंड’च्या पुढे ‘लेंड’ नाही, ‘लेंडिंग’. या शेवटच्या प्रश्नाला होकार द्यायचा तर उत्तर ‘नो’पासून सुरू होतं, ‘नो, नॉट अॅट ऑल’, कारण प्रश्न असतो ‘तुमची काही हरकत आहे का?’ मी एकदा अशा प्रश्नाला अगदी मनापासून ‘येस, येस’ म्हणालो होतो. समोरच्याने पुढे केलेला हात आखडता घेतला आणि मला कळेना की मी तर हो म्हणतोय!

आता सगळ्यांत फसवं वाक्य. ‘त्याने माझ्याकडे पैसे मागितले’ हे इंग्रजीत सांगायचंय. दहापैकी सात-आठ जण लिहितात: ‘ही आस्क्ड मी टू बॉरो मनी’. याचा अर्थ होतो, त्याने मला सांगितलं की बाबा रे, तू कुठूनतरी पैसे उसने घे. म्हणजे कर्ज तुमच्या डोक्यावर! ‘आस्क्ड मी टू’च्या पुढे जे क्रियापद येतं ते काम ‘मी’ने करायचं असतं. म्हणून ‘ही आस्क्ड मी टू लेंड हिम मनी’ हे बरोबर. किंवा मधला ‘मी’ काढून टाका: ‘ही आस्क्ड टू बॉरो मनी’, त्याने उसने घेण्याची परवानगी मागितली. किंवा सरळ ‘ही आस्क्ड इफ ही कुड बॉरो सम मनी’. तिन्ही बरोबर, पण पहिल्या वाक्यातला ‘मी’ आणि दुसऱ्या वाक्यातला ‘बॉरो’ एकत्र आले की घोटाळा झाला. स्पर्धा परीक्षांच्या ‘चूक शोधा’ प्रकारात शोभेल अशी ही चूक आहे, आणि ती शोधायला नियम नको, फक्त ‘घेणार कोण?’ एवढं विचारलं की पुरे.

सहावी पायरी: ‘दोन महिन्यांपासून घेतलंय’चं काय करायचं

‘मी हे पुस्तक दोन महिन्यांपासून घेतलंय’ असं आपण सहज म्हणतो. त्याचं इंग्रजी होतं ‘आय हॅव बॉरोड धिस बुक सिन्स टू मंथ्स’. यात दोन चुका आहेत. एक तर ‘सिन्स’ला सुरुवातीचा बिंदू लागतो, जानेवारीपासून, सोमवारपासून, मुदत सांगायची तर ‘फॉर’. दुसरी चूक खोलवरची आहे. बॉरो करणं ही क्षणात संपणारी क्रिया आहे. पुस्तक हातात आलं, बॉरो झालं, संपलं. पुढचे दोन महिने तुम्ही बॉरो करत नव्हता, पुस्तक तुमच्याजवळ पडून होतं. त्याला ‘हॅव’ किंवा ‘कीप’. ‘आय हॅव हॅड धिस बुक फॉर टू मंथ्स’ किंवा ‘आय बॉरोड धिस बुक टू मंथ्स अगो’.

‘फॉर’ बॉरोबरोबर येतो तेव्हा तो ठरलेली मुदत सांगतो: ‘कॅन आय बॉरो इट फॉर टू डेज?’ म्हणजे दोन दिवसांकरता मिळेल का. लेंडचंही तसंच: ‘शी लेंट मी द कॅमेरा फॉर अ वीक’. पुढे पाहणारी मुदत असेल तर चालेल. मागे वळून ‘इतके दिवस माझ्याकडे आहे’ म्हणायचं असेल तर क्रियापद बदला.

सातवी पायरी: जिथे दोन्ही शब्द चालत नाहीत

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण इथल्या चुका व्याकरणात पकडल्या जात नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे उधारी. ‘उसना’ आणि ‘उधार’ यांत मराठी फरक करते. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली ती उसनी. वाण्याकडून महिन्याचा किराणा आणला आणि पगार झाल्यावर पैसे दिले, ती उधारी. पहिल्यात वस्तूच्या बदल्यात वस्तू परत जाते. दुसऱ्यात माल विकतच घेतलेला असतो, फक्त पैसे नंतर. इंग्रजीत पहिल्याला बॉरो म्हणता येईल (साखर खाऊन संपली तरी चालतं, तेवढीच दुसरी परत द्यायची असते), दुसऱ्याला नाही. ‘आय बॉरोड राइस फ्रॉम द शॉप’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही तांदूळ वापरून परत नेऊन देणार आहात. उधारीला ‘ऑन क्रेडिट’: ‘आय बॉट इट ऑन क्रेडिट’. ‘आज रोख उद्या उधार’ या पाटीच्या इंग्रजीतही लेंड येणार नाही, क्रेडिटच येईल.

दुसरी, भाडं. पैसे मोजून वापरायला घेतलं की लेंड-बॉरो संपलं. कार असेल तर ‘हायर’ किंवा ‘रेंट’, घर असेल तर ‘रेंट’. आणि इथे इंग्रजीची स्वतःचीच पंचाईत आहे. ‘रेंट’ला दिशा नाही! ‘ही रेंट्स अ फ्लॅट इन ठाणे’ यावरून तो भाडेकरू आहे की मालक, हे ठामपणे सांगता येत नाही. म्हणून मालकाच्या बाजूने ‘रेंट आउट’ किंवा ब्रिटिश इंग्रजीत ‘लेट’ म्हणतात. आपलं ‘भाड्याने देणे’ आणि ‘भाड्याने घेणे’ इथे जास्त चोख. इंग्रजी सगळीकडे काटेकोर असते अशी समजूत असणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून देतो.

तिसरी, जागेवरून न हलणारी वस्तू. ‘मे आय बॉरो युवर बाथरूम’ म्हटलं तर यजमान हसतील. तिथे ‘यूज’. फोनचं मधलं आहे: तुमच्यासमोर उभं राहून एक कॉल लावायचा असेल तर ‘यूज युवर फोन’ स्वच्छ वाटतं, तरी ‘बॉरो युवर फोन’ही लोक म्हणतात. घेऊन बाहेर जायचं असेल तर मात्र बॉरोच.

चौथी, आणि ही खास आपल्या देशातली: लायब्ररी. ‘मी दोन पुस्तकं इश्यू केली’ असं कॉलेजमधली सगळी मुलं म्हणतात, आणि तसंच इंग्रजीत उतरतं, ‘आय इश्यूड टू बुक्स’. ‘इश्यू’ करणं हे ग्रंथपालाचं काम. ग्रंथालय पुस्तक देतं, म्हणजे ‘इश्यू’ किंवा ‘लेंड’ करतं. वाचक घेतो, म्हणजे बॉरो करतो. ‘द लायब्ररी इश्यूड टू बुक्स टू मी’ किंवा ‘आय बॉरोड टू बुक्स फ्रॉम द लायब्ररी’. इथेही तेच झालंय, देणाऱ्याचं क्रियापद घेणाऱ्याने उचललं.

आठवी पायरी: बँकेचे कागद वाचताना

गृहकर्जाचा करार हातात आला की पहिल्याच पानावर दोन मोठे शब्द भेटतात, ‘लेंडर’ आणि ‘बॉरोअर’. लेंडर म्हणजे बँक, बॉरोअर म्हणजे तुम्ही. पतीपत्नी दोघांच्या नावावर कर्ज असेल तर दुसरं माणूस ‘को-बॉरोअर’. जुन्या मराठीत यांना धनको आणि ऋणको असे सुंदर शब्द आहेत. कायद्याच्या पुस्तकाबाहेर ते आता फारसे भेटत नाहीत, पण लक्षात ठेवायला इंग्रजीपेक्षा सोपे: ज्याचं धन तो धनको.

फसगत होते ती पुढच्या पानावर. तिथे ‘मॉर्गेजर’ आणि ‘मॉर्गेजी’ येतात. शेवटी ‘ई’ आला की तो घेणारा, असा नियम कोणीतरी शिकवलेला असतो: ‘एम्प्लॉयर’ नोकरी देतो, ‘एम्प्लॉयी’ला ती मिळते. मग वाटतं, कर्ज घेणारा तो मॉर्गेजी. उलटं आहे. मॉर्गेज म्हणजे गहाण, कर्ज नव्हे. घर गहाण देता तुम्ही, म्हणून मॉर्गेजर तुम्ही. गहाण स्वीकारते बँक, म्हणून मॉर्गेजी बँक. एकाच करारात तुम्ही पैशाच्या बाबतीत घेणारे आणि गहाणाच्या बाबतीत देणारे असता. पुन्हा तोच प्रश्न विचारायचा: कोणती वस्तू, कोणाच्या हातून?

व्याजदराच्या बातम्यांमध्येही दोन्ही शब्द आळीपाळीने येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं दोन वेगळे दर आहेत. रिझर्व्ह बँक सरकारी रोखे घेऊन बँकांना ज्या दराने थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो रेपो दर. तो वाढला की बँकांचा ‘लेंडिंग रेट’ वाढतो, आणि त्याच बातमीच्या पुढच्या ओळीत ‘बॉरोइंग कॉस्ट’ वाढली असं लिहिलेलं असतं. आकडा तोच, पहिला शब्द बँकेच्या खुर्चीतून, दुसरा तुमच्या. बँका कर्जाचा दर ज्या मापाने ठरवतात त्यांपैकी एक एमसीएलआर (मार्जिनल कॉस्ट ऑफ फंड्स बेस्ड लेंडिंग रेट), या आद्याक्षरांतला ‘एल’ म्हणजे हाच लेंडिंग; ही पद्धत एप्रिल 2016 पासून आली. 1 ऑक्टोबर 2019 पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मापाला जोडली जाऊ लागली, त्या पद्धतीच्या ‘एक्स्टर्नल बेंचमार्क लेंडिंग रेट’ या नावातही लेंडिंग आहे. बँकेने बनवलेल्या नावात बँकेचंच क्रियापद असणार. अर्थसंकल्पात मात्र ‘मार्केट बॉरोइंग’ असतं, कारण तिथे सरकार घेणाऱ्याच्या जागी उभं असतं.

याच पानावर ‘लोन’बद्दल सांगून टाकतो. लोन हे मुख्यतः नाम: ‘टेक अ लोन’, ‘टेक आउट अ लोन’. दुसरं तर आपल्या ‘कर्ज काढणे’शी हुबेहूब जुळतं, निव्वळ योगायोगाने. अमेरिकेत लोन क्रियापद म्हणूनही चालतं, ‘ही लोन्ड मी हिज कार’, म्हणजे लेंटच. ब्रिटिश वळणाच्या लिखाणात लेंट बरं दिसतं, आणि आपल्याकडच्या परीक्षांसाठी तोच धरा.

लाक्षणिक वापर

‘लेंड अ हँड’ म्हणजे हातभार लावणे. ‘लेंड अॅन इअर’ म्हणजे कान देणे. मराठीतही कान देतातच, म्हणून हा लगेच लक्षात राहतो. ‘लेंड सपोर्ट’, पाठिंबा देणे. यातल्या एकाही जागी परतफेडीची अपेक्षा नाही आणि एकाही जागी ‘लोन’ घालता येत नाही. ‘धिस स्टोरी लेंड्स इटसेल्फ टू अ प्ले’ म्हणजे या कथेवर नाटक छान होईल. हे वाक्य वृत्तपत्री इंग्रजीत फार भेटतं.

बॉरोकडे ‘ऑन बॉरोड टाइम’ आहे, म्हणजे खरं तर मुदत संपलीय, मिळालेले दिवस वरचे आहेत. भाषा शब्द घेतात त्यालाही बॉरोच. मराठीने पोर्तुगीजांकडून बटाटा, चावी, पगार घेतले. इंग्रजीने आपल्याकडून मुंगूस नेलं आणि त्याचं ‘मंगूस’ केलं. यातलं कोणीच कोणाला काही परत केलेलं नाही. वजाबाकीतही इंग्रजी शाळेत ‘बॉरो वन’ म्हणतात, आपण ‘हातचा घेतला’ म्हणतो. तो दहाही शेजारच्या घराला कधी परत मिळत नाही.

उलट दिशेने मात्र सावध राहा. मराठीतला प्रत्येक ‘उसना’ बॉरो होत नाही. ‘उसनं हसू’ म्हणजे ‘फोर्स्ड स्माइल’. ‘उसनं अवसान आणलं’ म्हणजे ‘ही पुट ऑन अ ब्रेव्ह फेस’. आणि ‘त्याने उसनं फेडलं’ म्हणजे सूड उगवला, तेव्हा ‘ही पेड हिम बॅक’. इंग्रजीतही ‘पे बॅक’चे हेच दोन अर्थ आहेत, एक पैशाचा आणि एक हिशोब चुकता करण्याचा.

सरावासाठी चार वाक्यं

‘ताईने मला तिची स्कूटी दोन दिवसांसाठी दिली.’ कर्ता ताई, गाडी तिच्या हातून निघाली: ‘माय सिस्टर लेंट मी हर स्कूटर फॉर टू डेज’. इथे मराठीत ‘उसनी’ शब्दच नाही, नुसतं ‘दिली’ आहे. आपण बहुधा असंच बोलतो, म्हणून इंग्रजीत ‘गेव्ह’ लिहायचा मोह होतो. मुदत सांगितल्यामुळे गेव्हनेही भागेल. पण ‘दोन दिवसांसाठी’ काढून टाकलं तर ‘गेव्ह’चा अर्थ स्कूटी देऊनच टाकली असा होईल.

‘तो दुकानदार उधार देत नाही.’ ‘दॅट शॉपकीपर डझन्ट गिव्ह क्रेडिट’. लेंड लिहिलं असेल तर सातवी पायरी पुन्हा वाचा.

‘त्याने माझ्याकडे पाच हजार मागितले, मी नाही म्हटलं.’ ‘ही आस्क्ड मी टू लेंड हिम फाइव्ह थाउजंड, अँड आय सेड नो’.

शेवटचं जरा अवघड, आणि पुस्तकं जमवणाऱ्या प्रत्येक घरात वर्षातून दोनदा तरी म्हटलं जाणारं. ‘ते पुस्तक मी कोणाला दिलंय ते आठवत नाही.’ ‘आय डोन्ट रिमेंबर हू आय लेंट दॅट बुक टू’. शेवटी लोंबकळणारा ‘टू’ बघून तो खोडू नका, तो तिथेच हवा. कपाटात हाताला लागलेल्या दुसऱ्याच कोणाच्या तरी पुस्तकाबद्दल, पहिल्या पानावरचं नाव ओळखीचं वाटत नसताना, म्हणायचं वाक्य असं: ‘आय डोन्ट रिमेंबर हू आय बॉरोड इट फ्रॉम’.